चढणीच्या माशांना पाऊस कळतो कसा?

मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात हिंजवडीची बातमी ठरलेली असते. आयटी पार्कातले रस्ते पाण्याखाली, चौकाचौकांत वाहनांच्या रांगा, गुडघाभर पाण्यातून दुचाकी ढकलणारे तरुण. त्याच पावसात माण, मारुंजी, नेरे, कासारसाई आणि पुढे मुळशी खोऱ्यातल्या जुन्या माणसांना मात्र वेगळीच आठवण होते, ती चढणीच्या माशांची.

ओढ्याला पहिला गढूळ लोंढा आला की नदीतले मासे उलट्या प्रवाहाने वर चढू लागत. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून ओहोळात आणि ओहोळातून थेट भातखाचरात. बांधावरून पडणाऱ्या धारेवर ते उड्या घेत आणि पोरे टोपल्या, पोती, जुनी धोतरे घेऊन रात्री कंदिलाच्या उजेडात त्यांच्यामागे धावत. कोकणात याला वलगण म्हणतात, घाटावर चढण. धरलेला मासा चिरला की पोटात हमखास गाबोळी निघे, कारण हे मासे अंडी घालायलाच निघालेले असत.

आता प्रश्न असा की, पाऊस आला हे माशाला कळते कसे? त्याच्याकडे पंचांग नाही, हवामान खात्याचा अंदाज नाही. पोटातली अंडी मात्र नेमकी त्याच आठवड्यात पिकलेली असतात. आठ दिवस आधी घातली तर उथळ पाण्यात उन्हाने करपतील, महिनाभर उशिरा घातली तर पिलांना वाढायला पाणी पुरणार नाही. एवढा अचूक हिशेब माशाच्या शरीरात कोण करते?

याचे उत्तर संप्रेरकांत, म्हणजे हॉर्मोनमध्ये आहे. ते केवळ माशांपुरते नाही. वंध्यत्वाच्या दवाखान्यात दिली जाणारी इंजेक्शने, पाळीच्या तक्रारी, प्रोस्टेटच्या कर्करोगावरचे औषध आणि बाजारात मिळणारा रोहू या सगळ्यांचे मूळ त्याच एका साखळीत आहे.

मेंदूपासून पोटापर्यंत

या साखळीत तीन कड्या आहेत. पहिली मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस. दुसरी त्याच्या खाली लटकणारी पीयूषिका ग्रंथी, म्हणजे पिट्युटरी. तिसरी जननग्रंथी, म्हणजे मादीचे अंडाशय आणि नराचे वृषण.

हायपोथॅलॅमसमधून एक छोटे संप्रेरक पाझरते. त्याचे नाव गोनॅडोट्रॉपिन रिलीझिंग हॉर्मोन, थोडक्यात जीएनआरएच. अवघ्या दहा अमिनो आम्लांची ती माळ असते. ती पीयूषिकेला हुकूम देते आणि पीयूषिका रक्तात दोन संप्रेरके सोडते. त्यांची नावे एफएसएच आणि एलएच. वंध्यत्वाची तपासणी केलेल्या कुणालाही ती रिपोर्टवर भेटलेली असतील. ही दोन्ही जननग्रंथींपर्यंत पोचली की तिथे इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉनसारखी संप्रेरके तयार होतात आणि अंडी किंवा शुक्राणू पक्व होऊ लागतात.

माशांमध्ये हे काम दोन टप्प्यांत चालते. उन्हाळ्यात दिवस मोठा होऊ लागला, पाणी तापू लागले की पहिला टप्पा सुरू होतो. अंडाशयातले इस्ट्रोजेन यकृतापर्यंत जाते आणि यकृत एक प्रथिन बनवू लागते. हे प्रथिन रक्तातून अंड्यांत साठते. तोच अंड्याचा बलक, पिलाची शिदोरी. ही भरणी काही आठवडे, काही महिने चालते. मे संपता संपता मादीचे पोट फुगलेले असते. पेरणीसाठी रान तयार करून शेतकऱ्याने आभाळाकडे पाहत बसावे तशी तिची अवस्था असते.

दुसरा टप्पा अगदी थोड्या तासांचा. पूर येतो, प्रवाहाला जोर चढतो, पाणी एकदम थोडे गार होते, गढुळते, त्यातले क्षार विरळ होतात, सोबतीला नर असतात. कातडी, नाक, डोळे आणि अंगावरची पार्श्वरेषा यांतून या खुणा मेंदूत पोचतात. जीएनआरएचचा लोंढा सुटतो, पीयूषिकेतून एलएच उसळते आणि अंडी सुटी होतात.

रोहू, कटला, मृगळ यांच्या कुळातल्या माशांमध्ये याला एक ब्रेकही आहे. त्याचे नाव डोपामाइन. आनंदाचे रसायन म्हणून आपण ज्याचे नाव ऐकतो तेच हे. या माशांच्या मेंदूत ते एलएचला रोखून धरते. पुराच्या खुणा मिळेपर्यंत हा ब्रेक सुटत नाही. म्हणूनच तळ्यात सोडलेला रोहू गलेलठ्ठ होतो, मादीचे पोट अंड्यांनी भरते, पण अंडी काही पडत नाहीत. पावसाळा सरला की ती शरीरातच जिरून जातात.

लॅम्प्रे : पन्नास कोटी वर्षांचा साक्षीदार

ही साखळी किती जुनी असेल? याचा शोध घेताना शास्त्रज्ञांची नजर लॅम्प्रे नावाच्या विचित्र जीवावर गेली. आपल्या नद्यांत तो नाही. थंड प्रदेशांतला हा रहिवासी. दिसायला वाम माशासारखा लांबट, पण त्याला जबडाच नसतो. तोंडाच्या जागी गोल चकती आणि तिच्यावर दातांची कडी. समुद्री लॅम्प्रे मोठ्या माशांना चिकटून त्यांचे रक्त शोषतो. जबडा असलेल्या सगळ्या पाठीच्या कण्याच्या प्राण्यांपासून, म्हणजे मासे, बेडूक, पक्षी आणि माणूस यांच्यापासून त्याच्या पूर्वजांची वाट सुमारे पन्नास कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली.

त्याचे आयुष्य एखाद्या गोष्टीसारखे आहे. पिले कित्येक वर्षे नदीच्या गाळात रुतून, पाणी गाळून पोट भरत राहतात. मग रूप पालटते, डोळे आणि दात येतात, आणि ती समुद्रात किंवा मोठ्या सरोवरात उतरतात. वर्ष-दीड वर्ष रक्तावर पोसल्यावर एक दिवस खाणे कायमचे बंद. आतडे आक्रसते. उरलेली सगळी ताकद अंडी आणि शुक्राणू पिकवण्यात व नदी चढण्यात जाते. नर तोंडाने दगड हलवून घरटे करतो. मादी हजारो अंडी घालते आणि थोड्याच दिवसांत दोघेही मरतात. म्हणजे लॅम्प्रेच्या आयुष्यात चढण एकदाच येते. संप्रेरकांनी वेळ चुकवली तर दुसरी संधी नाही.

अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर विद्यापीठातील स्टेशिया सॉवर यांनी आपल्या संशोधनाची बहुतेक वर्षे या एका जीवाच्या संप्रेरकांवर घालवली. १९८६मध्ये लॅम्प्रेच्या मेंदूतल्या जीएनआरएचची रचना उलगडली, १९९३मध्ये त्याचा आणखी एक प्रकार आणि पुढे २००८मध्ये तिसरा. हीही दहा अमिनो आम्लांची माळ. तिच्या सुरुवातीचे दोन आणि शेवटचे दोन मणी माणसाच्या जीएनआरएचमध्ये आहेत तेच. पन्नास कोटी वर्षांत डोंगर उभे राहिले आणि झिजून गेले, पण ही दहा मण्यांची माळ फारशी बदलली नाही.

फरक आहेत ते साधेपणाचे. आपल्याकडे हायपोथॅलॅमसपासून पीयूषिकेपर्यंत संप्रेरक नेण्यासाठी बारीक रक्तवाहिन्यांची खास वाट आहे. रोहूसारख्या माशांत मज्जातंतू थेट ग्रंथीत उतरतात. लॅम्प्रेमध्ये यातले काहीच नाही, संप्रेरक ऊतीतून नुसते झिरपत जाते. आपल्याकडे एफएसएच आणि एलएच अशी दोन संप्रेरके आहेत, तर लॅम्प्रेची पीयूषिका त्या जागी एकाच संप्रेरकावर भागवते. घर जुने, खोल्या कमी, पण आराखडा तोच.

लॅम्प्रेच्या अभ्यासाला व्यवहाराचीही बाजू आहे. विसाव्या शतकात कालव्याच्या वाटेने तो अमेरिका-कॅनडामधल्या महासरोवरांत घुसला आणि तिथल्या ट्राउट माशांचा व्यवसाय त्याने बुडवला. हजारो रसायने तपासल्यावर गाळातली पिले मारणारे एक रसायन हाती लागले आणि १९५८पासून ते वापरात आले. पुढे २००२मध्ये असे दिसले की, पिकलेला नर कल्ल्यांतून एक गंधद्रव्य सोडतो आणि अंडी सुटलेली मादी त्या वासाने प्रवाहाविरुद्ध पोहत त्याच्याकडे जाते. हे गंधद्रव्य हेरून मादीला पिंजऱ्याकडे वळवण्याचे प्रयोग तिथे झाले. जीवाला विष घालण्याऐवजी त्याच्या संप्रेरकांची आणि गंधांची भाषा शिकून त्याला आवरायचे, असा हा विचार.

तीच माळ, आपल्या शरीरात

माणसाच्या वर्गातल्या जीएनआरएचची रचना १९७१मध्ये समजली. अँड्र्यू शॅली यांच्या प्रयोगशाळेत त्यासाठी लाखाहून अधिक डुकरांचे हायपोथॅलॅमस गोळा करावे लागले. रॉजर गिलेमिन हे दुसरीकडे मेंढ्यांच्या मेंदूंवर तेच काम करत होते. दोघांना १९७७च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

त्यानंतर एक नवल लक्षात आले. आपला मेंदू जीएनआरएच सतत सोडत नाही, ठोके देत सोडतो, साधारण तास-दीड तासाला एक ठोका. अर्न्स्ट नोबिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८मध्ये माकडांवर दाखवून दिले की, ठोके ठोक्यासारखे दिले तर पीयूषिका काम करते. तेच संप्रेरक अखंड धारेने दिले तर ती काही दिवसांत गप्प बसते. दार एकदा वाजवले तर उघडते, सतत वाजवत राहिले तर घरातली माणसे लक्ष देईनाशी होतात, तसेच हे.

या एका निरीक्षणावर आजची कितीतरी औषधे उभी आहेत. जीएनआरएचची टिकाऊ प्रत, उदाहरणार्थ ल्युप्रोलाइड, महिन्यातून एकदा इंजेक्शनने देतात. सुरुवातीला संप्रेरके थोडी वाढतात, मग पीयूषिका थकून शांत होते. प्रोस्टेटच्या कर्करोगात टेस्टोस्टेरॉन कमी करण्यासाठी, एंडोमेट्रिओसिसच्या वेदनेसाठी, अगदी लहान वयात वयात येऊ लागलेल्या मुलांसाठी आणि टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात अंडी वेळेआधी सुटू नयेत म्हणून हे औषध वापरले जाते.

बाहेरच्या खुणांकडे आपलाही मेंदू लक्ष ठेवून असतो. फार कमी खाणे, वजन झपाट्याने उतरणे, अतिरेकी व्यायाम किंवा मोठा मानसिक ताण असेल तर जीएनआरएचचे ठोके मंदावतात आणि तरुण मुलींची पाळी महिनोन् महिने थांबते. मासा पुराची वाट पाहतो. आपला मेंदू अन्न, झोप आणि स्वस्थता यांची खातरजमा करतो. अशा वेळी पाळी थांबणे हा नुसता गर्भाशयाचा बिघाड नसतो. परिस्थिती ठीक नाही असे मेंदूने काढलेले ते अनुमान असते. म्हणून तीन महिने पाळी आली नाही तर घरच्या घरी गोळ्या घेऊन ती 'आणवण्या'ऐवजी डॉक्टरांकडे जाऊन कारण शोधावे.

पूर सुईतून

आता परत माशांकडे. तळ्यातल्या रोहूची अंडी पडत नाहीत, ही भारतातल्या मत्स्यशेतीची मोठी अडचण होती. पावसाळ्यात नदीतून मत्स्यजिरे गाळून आणायचे, त्यात कुठल्या माशाची पिले निघतील हे नशिबावर. हा पेच सोडवला डॉ. हिरालाल चौधुरी यांनी. कटकच्या संशोधन केंद्रात डॉ. के. एच. अलिकुन्ही यांच्यासोबत काम करताना त्यांनी १९५७मध्ये ओडिशातल्या अंगुल इथे एका माशाच्या पीयूषिकेचा अर्क दुसऱ्या माशाला टोचला आणि तळ्यातच अंडी मिळवली. १० जुलै हा दिवस त्याची आठवण म्हणून देशभर मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात.

कृती तशी साधी. बाजारात चिरलेल्या माशाच्या डोक्यातून मुगाएवढी, कधी त्याहून लहान पीयूषिका काढायची, अल्कोहोलमध्ये ठेवायची, गरजेच्या वेळी वाटून तिचा अर्क काढायचा. संध्याकाळी मादीला एक छोटा डोस, सहा तासांनी मोठा डोस, त्याच वेळी नराला एक. पहाटेपर्यंत अंडी. दुसऱ्या दिवशी त्यांतून जिरे बाहेर. आज महाराष्ट्रातल्या मत्स्यबीज केंद्रांतून शेतकरी जिरे, अर्धबोटुकली किंवा बोटुकली घेऊन जातो त्यामागे ही सुई आहे.

पुढे कॅनडातील रिचर्ड पीटर आणि चीनमधील लिन हाओरान यांनी डोपामाइनच्या ब्रेकचे कोडे उलगडले. नुसते जीएनआरएच देऊन उपयोग नाही, ब्रेकही सोडवला पाहिजे. म्हणून त्यांनी सॅमन माशाच्या जीएनआरएचची टिकाऊ प्रत आणि डोपामाइन अडवणारे औषध एकत्र दिले. आता दोन टोचण्यांऐवजी एकच पुरते. ओव्हाप्रिमसारखी तयार इंजेक्शने याच सूत्रावर बनतात.

यात डोपामाइन अडवणारे औषध कोणते? डोमपेरिडोन. होय, मळमळ-उलटीवर आपण घेतो तेच. माशांत जे घडते त्याचा एक हलका पडसाद माणसातही उमटतो. आपल्या पीयूषिकेत डोपामाइन प्रोलॅक्टिन नावाच्या संप्रेरकाला आवरून धरते. डोमपेरिडोन दीर्घकाळ घेतले तर प्रोलॅक्टिन वाढू शकते. काहींना स्तनातून दूध येते, पाळी अनियमित होते, पुरुषांत स्तन दुखतात. हृदयाच्या ठोक्यांवरही त्याचा परिणाम होऊ शकतो. ॲसिडिटीच्या गोळीत मिसळलेले हे औषध आपल्याकडे महिनोन् महिने सहज घेतले जाते. पाळीच्या किंवा प्रोलॅक्टिनच्या तक्रारीसाठी डॉक्टरांकडे जाताना पोटाची कोणती गोळी चालू आहे हेही सांगावे, ते याचसाठी.

मुळेचा खुद्री

हिंजवडीच्या एका अंगाला मुळा वाहते, दुसऱ्या अंगाला पवना. पुढे दापोडीजवळ दोघी भेटतात, संगमावर मुठा येऊन मिळते. या नद्यांच्या एका माशाचे नाव जगभरच्या ग्रंथांत नोंदलेले आहे. कंपनी सरकारचे लष्करी अधिकारी विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनच्या माशांची नोंद केली तेव्हा पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या एका महासीर माशाचे वर्णन १८३९मध्ये प्रसिद्ध केले. इथल्या लोकांच्या तोंडी असलेले नावच त्यांनी शास्त्रीय नावात घातले. तो मासा म्हणजे टॉर खुद्री, दख्खनचा महासीर.

महासीर हा खरा चढणीचा मासा. पुराच्या पाण्यात तो वरच्या अंगाच्या स्वच्छ, खडकाळ, वाहत्या पाण्यात जातो आणि दगडगोट्यांत अंडी घालतो. अंडी रोहूपेक्षा मोठी, पण संख्येने कमी. फुटायलाही काही तासांऐवजी तीन-चार दिवस घेतात. तेवढा वेळ त्यांना प्राणवायूने भरलेले वाहते पाणी हवे. गाळ बसला की अंडी गुदमरतात. त्यामुळे धरणे, वाळूउपसा, सुरुंग लावून होणारी मासेमारी आणि सांडपाणी या सगळ्यांचा फटका त्याला आधी बसला.

त्याला वाचवण्याचे काम जवळच, लोणावळ्यात झाले. वीजनिर्मितीसाठी बांधलेल्या टाटांच्या तलावांच्या काठी, वळवण इथे, १९७०च्या दशकात महासीरचे बीजकेंद्र उभे राहिले. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले या दोघांनी तिथे पीयूषिकेच्या अर्काने आणि हाताने अंडी काढून खुद्रीची पैदास करण्याची पद्धत बसवली. फलित अंडी ओल्या कापसात गुंडाळून विमानाने दूर पाठवता येतात, हेही त्यांनी १९७९मध्ये प्रसिद्ध केले. कापसात अंडी जगतात, हा शोध ऐकायला किरकोळ वाटतो, पण त्यामुळे लोणावळ्याचा मासा देशभर पोचला. काही वर्षांपूर्वीपर्यंत जागतिक लाल यादीत 'धोक्यात' असलेला खुद्री आता 'कमी चिंतेच्या' गटात आहे.

पण या यशाला दुसरी बाजूही आहे, आणि ती सांगितलीच पाहिजे. कावेरी नदीत खुद्रीची बोटुकली सोडली गेली. कावेरीचा स्वतःचा महासीर होता, पाठीवर उंचवटा असलेला, जगातल्या सर्वांत मोठ्या महासीरांपैकी एक. गळाने मासा पकडून पुन्हा सोडणाऱ्या शौकिनांच्या १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदी संशोधकांनी तपासल्या तेव्हा दिसले की, खुद्रीची संख्या वाढत गेली आणि कावेरीचा मूळचा महासीर नोंदींतून जवळजवळ नाहीसा झाला. २०१८मध्ये त्याची शास्त्रीय ओळख निश्चित झाली आणि तो 'अतिधोक्यात' असलेल्या यादीत गेला. सुई मासा देऊ शकते. तो कोणत्या नदीत शोभतो हे सुईला कळत नाही.

नदी हीच पहिली कडी

हायपोथॅलॅमस, पीयूषिका आणि जननग्रंथी अशा तीन कड्या आपण मोजल्या. खरे तर त्याआधी आणखी एक कडी आहे, ती म्हणजे नदी. पाण्याचा जोर, गारवा, गढूळपणा, क्षार या तिच्या खुणा आल्याशिवाय मेंदूतली कडी हलत नाही. बीजकेंद्रातली सुई या पहिल्या कडीची उणीव भरून काढते, पण केंद्राच्या हौदापुरतीच. नदीत राहिलेल्या हजारो माशांना कोण टोचणार?

नदीची ही कडी आज तीन ठिकाणी सैल झाली आहे.

पहिली जागा प्रवाहाची. धरण भरेपर्यंत पहिल्या पावसाचे पाणी वरच अडते. खालच्या माशांना पुराची खूण मिळते ती दरवाजे उघडल्यावर, उशिरा आणि एकदम. याचा फायदा कोणत्या माशाला झाला ते पाहायचे तर भीमेच्या खोऱ्यात उजनीपर्यंत जावे. मुळा-मुठेचे पाणी शेवटी तिथेच जाते. तिथे चिलापी भरपूर आहे. चिलापीला पूर लागत नाही. साचलेल्या कोमट पाण्यात ती काही महिन्यांतच वयात येते, पुन्हा पुन्हा अंडी घालते आणि मादी पिले तोंडात सांभाळते. साचलेले पाणी वाढवत नेले की ते पाणी आपणच चिलापीच्या संप्रेरकांना जुळणारे आणि खुद्रीच्या संप्रेरकांना न जुळणारे करत जातो.

दुसरी जागा वाटेची. चढणीच्या माशाला ओढा लागतो. हिंजवडी परिसरात वस्ती आणि रस्ते वाढले तसे ओढे अरुंद झाले, काही पाइपात गेले, काहींवर राडारोडा पडला. पावसात रस्त्यावर तुंबणारे पाणी आपली जुनी वाट शोधत असते. त्याच वाटेने मासाही वर यायचा.

तिसरी जागा खुद्द संप्रेरकांची. आपण घेतलेली संप्रेरके लघवीवाटे सांडपाण्यात आणि तिथून नदीत जातात. गर्भनिरोधक गोळीतले कृत्रिम इस्ट्रोजेन आणि काही साबण-डिटर्जंटांतून तयार होणारे नोनिलफिनॉलसारखे पदार्थ माशाच्या शरीराला इस्ट्रोजेनच वाटतात. इंग्लंडमध्ये १९९८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सांडपाणी प्रकल्पांच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या नर माशांच्या वृषणांत अंड्यांच्या पेशी सापडल्या. कॅनडात कॅरन किड यांनी एका दूरच्या सरोवरात २००१ ते २००३ अशी तीन वर्षे जाणूनबुजून कृत्रिम इस्ट्रोजेन सोडले. प्रमाण किती? एका लिटरला एका ग्रॅमचे सुमारे पाच-सहा अब्जांश भाग. नर मासे बलकाचे प्रथिन बनवू लागले आणि फॅटहेड मिनो नावाचा छोटा मासा त्या सरोवरातून जवळजवळ संपला. तो मासा विषाने मेला नाही. पुढची पिढीच जन्माला आली नाही.

आळंदीला इंद्रायणीवर येणारा फेस आपण दरवर्षी बातम्यांत पाहतो. फेस निदान दिसतो. संप्रेरके दिसत नाहीत, त्यांना वास नाही, पाणी स्वच्छ वाटत असतानाही ती असू शकतात. सांडपाणी प्रकल्पातून बाहेर पडणाऱ्या पाण्यासाठी आपल्याकडे सामू, बीओडी, तरंगते घन पदार्थ आणि मैल्यातील जिवाणू यांच्या मर्यादा ठरलेल्या आहेत. संप्रेरके त्या यादीत नाहीत. जे मोजलेच जात नाही त्याची चिंता कोण करणार?

आपल्या हातात काय?

चढण सुरू असताना पकडलेली गाभोळीची एक मादी म्हणजे हजारो पिलांची वजाबाकी. पहिल्या पावसाचे दोन-तीन आठवडे ओढ्यातले मासे चढू द्यावेत. त्यानंतर धरायला मासेही जास्त असतील. गावाने ठरवले तर त्याला कायद्याची वाट पाहायची गरज नाही.

घरातल्या टाकीतला कंटाळवाणा झालेला मासा किंवा दुसरीकडून आणलेली बोटुकली हौसेने, पुण्य म्हणून नदीत सोडू नये. कावेरीचा धडा ताजा आहे.

उरलेल्या संप्रेरकाच्या गोळ्या बेसिनमध्ये किंवा संडासात टाकू नयेत. अर्थात नदीत जाणारा मोठा वाटा शरीरातून आणि सांडपाण्यातून येतो. गोळी घेणाऱ्या बाईला दोष देऊन काही साधत नाही. त्यासाठी सांडपाणी पूर्ण शुद्ध होऊनच नदीत जाणे हाच उपाय. मोठ्या सोसायट्यांतले प्रकल्प कागदावर आहेत की चालू आहेत, हे रहिवाशांनी दर महिन्याला एकदा तरी विचारावे. शुद्ध केलेल्या पाण्याच्या तपासणीत निदान काही ठिकाणी तरी संप्रेरके मोजावीत, अशी मागणी पालिका आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करायलाही हरकत नाही.

आणि ओढा. तो नकाशावर उरला असेल तर जमिनीवरही उरावा, एवढे जरी झाले तरी हिंजवडीच्या रस्त्यावरचे पाणी आणि नदीतला मासा, दोघांची सोय एकदम होईल.

लॅम्प्रेपासून आपल्यापर्यंत पन्नास कोटी वर्षे ही साखळी टिकून आहे. मेंदू, पीयूषिका, अंडाशय या कड्या आपण तोडलेल्या नाहीत आणि तोडूही शकत नाही. आपल्या ताब्यात आहे ती पहिली कडी. पुढच्या मृगात पाऊस पडेल तेव्हा मुळेच्या पाण्यात एखादी मादी भरल्या पोटाने पुराची वाट पाहत असेल. तिच्यापर्यंत खूण पोचते की नाही, हे आता आपल्यावर आहे.